आधी कोणाची शाळा?

मार्च २०२० मध्ये गोव्यातील शाळा बंद झाल्या. २१ नोव्हेंबर २०२० रोजी त्या उघडल्या, परंतु केवळ दहावी व बारावीसाठी. सर्व इयत्तांचे वर्ग भरण्यास फेब्रुवारी २०२२ उजाडला. परीक्षांच्या दृष्टीने हा क्रम समजण्याजोगा होता. वैद्यकीय दृष्टीने मात्र तो उलटा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोविडचा गंभीर आजार लहान मुलांत विरळ होता. डेन्मार्कने एप्रिल २०२० मध्येच प्रथम लहानग्यांना वर्गात आणले. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालकांनीही जुलै २०२१ मध्ये प्राथमिक शाळा आधी उघडाव्यात, असे सुचविले होते. घरातील आजी-आजोबांची काळजी रास्तच होती; पण मुखपट्टी, उघड्या खिडक्या आणि २०२१ पासून शिक्षकांचे लसीकरण हे उपाय आपल्या हाती होते.

पेडणे-डिचोलीच्या अनेक वाड्यांवर मोबाईलला धड 'रेंज' मिळत नसे. दहावीचा विद्यार्थी निदान स्वतः पुस्तक वाचू शकतो. पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवताना बाईंचा हात लागतो. ज्याला शाळा सर्वाधिक हवी, तोच तिथे सर्वांत शेवटी पोहोचला.

पुढील साथ केव्हा येईल, हे आपल्या हाती नाही. शाळा बंद करण्याचे व उघडण्याचे निकष मात्र आजच ठरविता येतील. प्रत्येक तालुक्यातील डॉक्टर, शिक्षक व पालक यांनी एकत्र बसून ते लिहून ठेवावेत. त्यातील पहिले कलम असे असावे : प्राथमिक वर्ग सर्वांत शेवटी बंद व्हावेत आणि सर्वांआधी उघडावेत.