अंकोरवाट कोणाचे?

कंबोडियातील अंकोरवाटचा विषय निघाला की ‘आपल्या पूर्वजांनी समुद्रापार उभारलेले मंदिर’ असा त्याचा गौरव आपल्याकडे हमखास केला जातो. त्यामागील अभिमान समजण्यासारखा आहे. विधान मात्र खरे नव्हे. बिहारमध्ये अंकोरवाटच्या धर्तीवर भव्य मंदिर उभारण्याचा संकल्प २०१२ साली जाहीर झाला, तेव्हा कंबोडियाने त्यास हरकत घेतली. ज्या राष्ट्राच्या ध्वजावर हे मंदिर विराजमान आहे, त्याची ही भावना समजून घेतली पाहिजे.

भारताचे ऋण निर्विवाद आहे. ख्मेर सरदार यज्ञवराहाने बांते स्रेइचे मंदिर ९६७ साली शिवाला अर्पण केले. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मनाने अंकोरवाट विष्णूसाठी बांधले. त्याची पाच शिखरे मेरुपर्वताची आणि भोवतीचा खंदक महासागराचा प्रतीक होय. भिंतींवर कुरुक्षेत्र, लंकेचे युद्ध व समुद्रमंथन कोरलेले आहे.

तथापि कथा घेणे वेगळे आणि वास्तू घडविणे वेगळे. नवव्या शतकातील बाकोंग येथे पाच थरांचा पाषाणी पर्वतच रचलेला असून देवालय त्याच्या माथ्यावर आहे. ही भारतातील कोणत्याही मंदिराची नक्कल नव्हे. कोणा भारतीय राजाने हा देश जिंकल्याचाही पुरावा नाही. ख्मेर राजांनी हा धर्मविचार आपण होऊन स्वीकारला व आपल्या मातीत रुजविला. त्यांच्या शिलालेखांत देवांची आणि राजांची स्तुती संस्कृत श्लोकांत आढळते. देवस्थानाच्या जमिनी व सेवक यांच्या नोंदी मात्र बहुधा ख्मेर भाषेत आहेत. प्रेरणा कोठली आणि हात कोणाचे, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

वेरूळच्या कैलास लेण्यावर पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराची छाया अभ्यासकांना दिसते. म्हणून त्याचे श्रेय राष्ट्रकूटांकडून कोणी काढून घेत नाही. हाच न्याय ख्मेर शिल्पींनाही लावला पाहिजे.

भारताच्या पुरातत्त्व खात्याने १९८६ ते १९९३ या काळात अंकोरवाटच्या जतनाचे काम केले. तेथील सफाईच्या पद्धतीवर टीका झाली हे खरे; परंतु पुढे ता प्रोम या बौद्ध मंदिराच्या जीर्णोद्धारातही भारत सहभागी झाला. मालकी सांगण्यापेक्षा ही सेवाच या जुन्या नात्याला अधिक शोभणारी आहे.