काटेरी बागेला माणसे कशाला?

मागल्या शनिवारी गुरुजींनी आम्हांला निवडुंगाच्या एका जुन्या बागेची माहिती सांगितली व मोबाईलवर फोटो दाखवले. ही बाग अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात आहे. तिचे नाव अरिझोना बाग. तिथे माणसे पगार न घेता काम करतात. हे ऐकून मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "निवडुंगाला काय करायचं असतं? तो तर बांधावर आपोआप वाढतो!" सगळे हसले. मीपण हसलो. पण आता मला ते बरोबर वाटत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

ही बाग १८८० ते १८८३ या काळात लावली. लेलँड आणि जेन स्टॅनफर्ड या नवराबायकोला तिथे नवे घर बांधायचे होते. रुडॉल्फ उलरिक यांनी बाग आखून दिली. घर मागाहून होणार होते. पण १८८४ साली त्यांचा एकुलता एक मुलगा विषमज्वराने वारला. तो १५ वर्षांचा होता, म्हणजे आमच्या दादाएवढा. ते घर झालेच नाही. आईवडिलांनी मुलाच्या नावाने विद्यापीठ काढले. घर नाही आणि घराची बाग मात्र आहे!

१९२० नंतर काही वर्षांनी बागेकडे कोणी बघेना. ती पार मोडकळीस आली. १९९७ साली स्वयंसेवकांनी ती पुन्हा नीट करायला घेतली. मध्ये ७० वर्षे गेली, म्हणजे आमच्या आजोबांचे अख्खे वय. भोवती एवढे मोठे विद्यापीठ, एवढी शिकलेली माणसे शेजारून जात असतील. त्यांना दिसले नाही काय? हे मला मुळीच पटले नाही.

निवडुंगाला पाणी कमी लागते हे खरे. जास्त घातले तर मूळ कुजते. पण गवताचे काय? ते नेमके काट्यांच्या मधोमध उगवते. तिथे विळा चालत नाही. मी रविवारी आमच्या बांधावरच्या फड्या निवडुंगातले गवत काढून पाहिले. (हा फड्यासुद्धा मूळचा अमेरिकेतलाच, गुरुजी म्हणाले.) मोठे काटे चुकवता येतात, पण बारीक कुसळे दिसतच नाहीत. अर्ध्या तासात एक घमेलेपण भरले नाही. रात्री आजी चिमट्याने माझ्या बोटांतली कुसळे काढत होती. "कुणी सांगितला होता हा उद्योग?" म्हणाली. कुणीच नाही!

त्या बागेत ५८ वाफे आहेत आणि सुमारे ५०० झाडे.

दादा म्हणतो, फुकटचे काम अर्धवट होते, पगारी माळी ठेवावा. ठेवावा की! मी कुठे नको म्हणतो? पण ७० वर्षे कोणी नव्हते, तेव्हा कुणीतरी आधी खाली बसून गवत उपटायला पाहिजे होते. आणि फुकट म्हणजे मनाला येईल तेव्हा, असे नव्हे. ठरल्या दिवशी यायलाच पाहिजे, नाहीतर गवत परत वाढते.

आपल्या शाळेच्या फाटकाजवळ कोरफडीचा वाफा आहे. तो आमचा वर्ग बघतो. जूनमध्ये आम्ही पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार. तिसरीतल्या दोघांनी शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्याकडे यावे. कोरफडीची कुठली पिल्ले काढायची आणि कुठली ठेवायची ते मी दाखवीन. हातमोजे नाहीत, पण हाताला गुंडाळायला पोत्याचे तुकडे ठेवलेले आहेत.

— इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी