सोनझाऱ्यांची विद्या

मुलांनो, खाप्याच्या शाळेत असताना आम्ही कन्हान नदीची वाळू थाळीत घेऊन धूत असू. पाणी हळूच फिरविले की हलकी वाळू वाहून जाई, जड कण तळाशी राहत. वाळूहून सुमारे सातपट जड असलेले सोने नदीत असेच सापडते. आमच्या थाळीत मात्र ते कधी आले नाही!

परदेशांत पुष्कळ लोक हौसेने सोने धुतात. त्या छंदाचे कौतुकही होते. बालाघाट-चंद्रपूरकडील सोनझारी हेच काम पोटासाठी करीत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात त्यांचे वर्णन आहे. सोनारांच्या दुकानांतील केरही ते धूत. नागपूरच्या इतवारीत गटाराच्या गाळातून कुणी सोने वेचू लागला, की लोक नाक मुरडतात. हा मला अन्याय वाटतो. सोनाराच्या हातून निसटलेला कण केवळ पाण्याच्या झोकाने वेगळा काढणे ही विद्याच होय. इतकी वर्षे थाळी फिरवूनही मला ती साधली नाही.