गाडीच्या आरसीवर नॉमिनी आहे का?

बँकेच्या खात्याला आपण नॉमिनी देतो. विम्याला देतो, पीएफला देतो. दारात उभ्या असलेल्या स्कूटरचे किंवा कारचे काय? गाडीलाही नॉमिनी देता येतो, हेच अनेक घरांत माहीत नसते. केंद्र सरकारने 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून ही सोय केली. नवी गाडी घेताना नोंदणीच्या वेळीच नॉमिनीचे नाव देता येते. गाडी जुनी असेल, तर नंतरही ऑनलाइन अर्ज करता येतो.

याचा उपयोग कधी होतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, लखनौच्या इंदिरानगरात एक मराठी कुटुंब आहे. वडील नोकरीनिमित्त तिकडे गेले आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिले. गाडी त्यांच्या नावावर, नंबर यूपी 32. घरात आई आणि थकलेली आजी. मुलगा पुण्यात, मुलगी बेंगळुरूत. एक दिवस वडील अचानक जातात. आजीला दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचे असते आणि दारात गाडी तेवढी एकच.

आता ही गाडी कोणाची? मृत्युपत्र नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई या चौघांचा त्यात सारखा हक्क. हो, आजीचासुद्धा! म्हणजे गाडी आईच्या नावावर करायची, तर बाकीच्यांची संमती लागणार. प्रतिज्ञापत्रे करायची, पुण्याहून आणि बेंगळुरूहून सह्या मागवायच्या, आजीची सही किंवा अंगठा घ्यायचा. दुःखाच्या दिवसांत ही धावपळ नको वाटते. मग कागद तसेच पडून राहतात आणि गाडी गेलेल्या माणसाच्या नावावरच रस्त्यावर फिरत राहते.

आरसीवर आईचे नाव नॉमिनी म्हणून असेल, तर हे काम बरेच हलके होते. मृत्यूचा दाखला जोडून ती स्वतः अर्ज करू शकते.

मात्र मुदती पाळायला हव्यात. या तीन आकड्यांचा कागद घरच्या फाइलमध्ये लावून ठेवा:

21 दिवस: मृत्यूची नोंद एवढ्या दिवसांत झाली, तर विलंब शुल्क लागत नाही. पुढच्या प्रत्येक कामाला मृत्यूचा दाखला लागतोच.

30 दिवस: मालक गेल्याचे आणि गाडी आपण वापरणार असल्याचे या मुदतीत आरटीओला कळवायचे. तसे कळवले, तर मृत्यूपासून तीन महिने ती गाडी वापरता येते.

3 महिने: या काळात फॉर्म 31 भरून गाडी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा. गाडीचा विमाही मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच चालतो. त्यानंतर अपघात झाला, तर भरपाईचा प्रश्न थेट घरच्यांवर येऊ शकतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच सांगितले होते की, नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण ते वारसांसाठी. शेअर्सबाबतही डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने हाच विचार कायम ठेवला, आणि ते प्रकरण मुंबईचे होते. गाडीच्या नॉमिनीकडेही याच नजरेने पाहिलेले बरे. नॉमिनीमुळे आरटीओचे काम सोपे होते. वारसांचा हक्क त्यामुळे पुसला जात नाही.

अमेरिकेत राहणारे नातेवाईक कदाचित वेगळे सांगतील. तिथे कॅलिफोर्निया, ओहायो, मिसुरी अशा काही राज्यांत गाडीच्या मालकीपत्रावरच ‘माझ्या पश्चात हिला’ असे नाव लिहिता येते. मग प्रोबेटसाठी कोर्टात न जाता ती व्यक्ती गाडीची मालक होते. आपल्याकडचा नॉमिनी तसा नाही, म्हणून त्यांचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू करू नका.

मग गाडी नक्की आईलाच मिळावी अशी वडिलांची इच्छा असेल, तर काय करायचे? आरसीवर आईला नॉमिनी करायचे आणि मृत्युपत्रातही गाडीच्या नंबरसह तसे एक वाक्य लिहायचे. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. स्टॅम्प पेपरची सक्ती नाही. मुंबईकर नातेवाईक ‘प्रोबेट लागेल’ म्हणून घाबरवतील. पण ती सक्ती मुंबई, कोलकाता, चेन्नई यांच्याशी जोडलेली होती. लखनौत राहणाऱ्याने तिथल्याच मालमत्तेबद्दल केलेल्या मृत्युपत्राला ती नव्हती.

आणखी तीन गोष्टी. विमा पॉलिसीवर मालक-चालकाच्या 15 लाखांच्या अपघात विम्यासाठी जो नॉमिनी असतो तो वेगळा, आरसीवरचा वेगळा. दोन्ही नावे तपासा. गाडीवर कर्ज असेल, तर नॉमिनी असला तरी बँकेचा बोजा उतरत नाही. आणि महाराष्ट्रातून नेलेली एमएच नंबरची गाडी 12 महिन्यांहून जास्त काळ लखनौत राहणार असेल, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. तेही मालक हयात असतानाच उरकून घ्या.

घटस्फोट झाला, वाटणी झाली, तर नॉमिनी बदलताही येतो. त्यामुळे ‘आत्ताच कशाला?’ म्हणून थांबण्याचे कारण नाही.

या रविवारी घरातल्या सगळ्या गाड्यांच्या आरसी काढा. वडीलधाऱ्यांना संकोच वाटत असेल, तर सुरुवात स्वतःच्या स्कूटरपासून करा. नाव कोणाचे घातले ते सगळ्यांना सांगा, अगदी आजीलासुद्धा. घरात आधीच बोलणे झालेले असले, की मागे राहिलेल्यांना एकमेकांकडे संशयाने पाहावे लागत नाही.