टेकडीचा वारा फुकट आहे, पण टेकडी राहिली पाहिजे

मंडळी, सत्तरी ओलांडलेल्या माणसानं रिमोटचं विमान बगलेत मारून टेकडी चढावी, हे आमच्या बेळगावात अजून लोकांना पटत नाही. "साहेब, पेन्शन जास्त झाली काय?" असं तोंडावर विचारणारे आहेत. त्यांना उत्तर देत बसत नाही. ज्यांच्या घरात दहा-बारा वर्षांची नातवंडं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझं मत सरळ आहे. हा पोरखेळ नाही, आणि तो टिकायचा तर गावाजवळचा एखादा तरी उतार उघडा राहिला पाहिजे.

या ग्लायडरला इंजिन नसतं. वारा सपाटीवरून येतो, टेकडीला धडकतो आणि पुढं वाट नाही म्हणून वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यात ग्लायडर हातानं सोडायचा. वारा टिकला तर तो उतारासमोर तासभरही तरंगतो. घार पंख न हलवता करते तेच की! आतली छोटी बॅटरी फक्त रिसिव्हरसाठी आणि पंखाच्या, शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या मोटारींसाठी. १९११ च्या ऑक्टोबरात ऑर्व्हिल राइट यांनी अमेरिकेतल्या किल डेव्हिल हिल्सच्या वाळूच्या टेकडीवर याच वाऱ्यावर, इंजिनाशिवाय, ९ मिनिटं ४५ सेकंद हवेत काढली. इंजिनाचं विमान १९०३ मध्येच उडवलेला माणूस पुन्हा टेकडीवर गेला, हे मला फार आवडतं.

मी बीकॉमवाला, जन्म बँकेत गेला. म्हणून मला हे असं समजतं: उंची म्हणजे शिल्लक, वेग म्हणजे खर्च. नाक खाली केलं की वेग मिळतो, पण उंची जाते. शिल्लक संपायच्या आत परत चढत्या वाऱ्यात यायचं. वळण नेहमी टेकडीपासून दूर, वाऱ्याकडं तोंड करून घ्यायचं. माथ्याच्या पाठीमागं वारा कोसळतो, गरगरतो. तिथं ओव्हरड्राफ्ट मिळत नाही. हे नातवाला पुस्तकातून शिकवायला गेलो असतो तर जांभया दिल्या असत्या. उतारावर दोन संध्याकाळीत कळलं.

आता अडचण सांगतो. मध्यंतरी एका गणवेशातल्या माणसानं आम्हाला "ड्रोन उडवताय" म्हणून हटकलं. कॅमेरा नाही, मोटर नाही, हे दाखवूनही पटेना. त्याचा संशय समजतो. आपल्या शहरात लष्कर आहे, सांबऱ्याला विमानतळ आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत हौसेच्या मॉडेल विमानांचीही नोंद आहे: ती नजरेच्या टप्प्यातच उडवायची. लाल, पिवळ्या आणि हिरव्या भागांचा सरकारी नकाशाही आहे. तो बघूनच उडवावं, यात वाद नाही. पण नियम पाळणाऱ्याला उडवायला जागा कुठली, हे सांगणारं कुणी नाही.

आणि जागाच संपत चाललीय. मुरुमासाठी टेकडी पोखरायची, उरलेल्यावर लेआउट पाडायचं. उतारावर इमारती आल्या की वारा फाटतो, मग ग्लायडरही नाही आणि घारही नाही. येळ्ळूरगडावर उभं राहून पश्चिमेचा वारा अंगावर घेतलेल्याला हे वेगळं सांगायला नको. आपण टेकडीवर देऊळ बघतो, किल्ला बघतो. नुसता मोकळा उतार कुणाच्या हिशेबात धरलेला नाही.

माझं मागणं मोठं नाही. वस्ती, विजेच्या तारा आणि विमानतळापासून लांब असलेला एक गवताळ उतार ग्रामपंचायतीनं राखून ठेवावा. शेळ्या चरू देत, सकाळ-संध्याकाळ लोक फिरू देत, शनिवार-रविवारी पोरं ग्लायडर उडवू देत. त्याला पैसा लागत नाही, ठराव लागतो. ज्यांची भावकी पंचायतीत बसलीय, त्यांनी हा विषय काढा. तोवर नातवंडांना साधा थर्माकोलचा, हातानं फेकायचा ग्लायडर आणून द्या. सोबत तुम्हीही चढा. काठी मात्र घ्या.