गाणं बाईचं, नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, पोळ्या लाटताना, भाजी निवडताना तुमच्याकडे गाणी चालू असतातच. पूर्वी रेडिओ होता, आता मोबाईल आहे. ‘नवीन काय ऐकावं?’ असं कुणी विचारलं, की मी आधी एक सवय लावून घ्यायला सांगते. गाणं आवडलं, की गायलं कुणी एवढंच पाहू नका. चाल कुणाची, वाद्यं कुणी वाजवली, तेही पाहा. बाईचा आवाज जागोजागी भेटेल, पण चालीच्या रकान्यात तिचं नाव शोधावं लागेल.

आवाजाचं नाव तरी सहज मिळालं का? 1949 सालच्या ‘महल’ चित्रपटातलं लताबाईंचं गाणं घरोघर वाजलं, पण तबकडीवर नाव होतं ‘कामिनी’. म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं! फिल्मफेअरची बक्षिसं 1954 साली सुरू झाली, पण त्यांत पार्श्वगायनाला जागाच नव्हती. लताबाईंनी आग्रह धरला, तेव्हा 1959 पासून ती मिळाली. तरीही गायक-गायिकांना मिळून बरीच वर्षं एकच बक्षीस होतं. संगीतकाराचं बक्षीस बाईच्या हाती यायला तर 2022 साल उजाडलं. ‘शेरशाह’साठी जसलीन रॉयलला ते मिळालं, तेही इतर संगीतकारांबरोबर वाटून. ‘साधी माणसं’च्या गोड चाली लताबाईंच्याच, पण नाव लागलं ‘आनंदघन’.

हे फक्त आपल्याकडचंच आहे असं समजू नका हं. अमेरिकेतल्या 2012 ते 2017 या सहा वर्षांतल्या 600 लोकप्रिय गाण्यांची पाहणी झाली होती. त्यांत कलाकारांपैकी स्त्रिया शंभरात 22, गीतं रचणाऱ्यांत 12, आणि ध्वनिमुद्रणाची सगळी सूत्रं सांभाळणाऱ्यांत फक्त 2.

कारण शोधायला फार लांब जायला नको. पोराला तबला आणि पोरीला गाणं, हे आपण घरातच ठरवून टाकतो. माईक, मशीन, तारा यांना हात लावायचा तो मुलांनी. आणि पोरीचं गाणं तरी कुठवर? तर लग्न ठरेपर्यंत. मग तानपुरा माळ्यावर! शंभर वर्षांपूर्वी हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली आणि कुलीन घरांतल्या मुलींना वाट मोकळी करून दिली. त्या वाटेनं आपण मुलींना किती लांब जाऊ देतो, ते आपलं आपणच पाहायला हवं.

तर आता ऐकायचं काय?

प्रभा अत्रे : कायद्याची पदवी, संगीतात डॉक्टरेट आणि स्वतःच्या बंदिशी. त्यांचा मारूबिहाग आणि कलावती दुपारच्या निवांत वेळी ऐका. जानेवारी 2024 मध्ये त्या गेल्या, पण बंदिशी त्यांच्या नावानं गायल्या जातात.

स्नेहा खानवलकर : ही मुलगी इंदूरची. 2012 च्या ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ला हिचं संगीत आहे. गाण्यांसाठी ती बिहारमध्ये फिरली आणि तिथल्या लग्नगीतांच्या धाटणीचं ‘वुमनिया’ तिथल्याच गायिकांकडून गाऊन घेतलं. चित्रपट मात्र मुलांसमोर लावू नका, मारामारी फार आहे.

अनुराधा पाल : तबला. उस्ताद अल्लारखाँ आणि झाकीर हुसेन यांची शिष्या. 1996 साली त्यांनी ‘स्त्री शक्ती’ हा सगळ्या बायकांचाच वाद्यवृंद उभा केला. घरात मुलगी असेल तर तिला जवळ बसवून ऐकवा.

आणि आपल्या खान्देशच्या बहिणाबाई. उत्तरा केळकरांच्या आवाजात मिळतात. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरातल्यांनी ती गाणी वहीत उतरवून ठेवली होती, म्हणून 1952 साली, त्या गेल्यावर, पुस्तक निघालं. वही नसती तर गाणीही नसती, नावही नसतं.

म्हणूनच एक काम सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोट होतात, रात्रभर गाणी होतात. अहिराणीतली ही गाणी सासूबाईंना, आत्याबाईंना तोंडपाठ असतात. कुणी गाता गाता चार ओळी नव्याही जोडतं. यंदा मोबाईलवर ती उतरवून घ्या आणि वहीत तीन रकाने आखा : गाणारी कोण, कुठल्या गावची, तिनं ते कुणाकडून शिकलं. शब्द तिचे स्वतःचे असतील तर तसंही लिहा. हे काम घरातल्या मुलीकडे द्या, म्हणजे मशीनही तिच्याच हाती राहील. एखादा रकाना कोरा राहिला तरी चालेल. पण ‘पारंपरिक’ एवढं लिहून मोकळ्या होऊ नका.