शस्त्र हा अलंकार नव्हे!

आत्मसंरक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरावीक सूर ऐकू येतात. व्याख्यानमालेतील जोशपूर्ण वक्ता गर्जून सांगतो, ‘इस्रायलकडे पाहा! तेथे घराघरात बंदूक आहे. जर्मनीतील ज्यूंजवळ बंदुका असत्या, तर हिटलरची छाती झाली नसती!’ उलट, स्वतःला पुरोगामी म्हणविणारे पंडित आत्मसंरक्षणाच्या नुसत्या उच्चारानेच नाक मुरडतात. दोघांचेही ज्यूंविषयीचे ज्ञान सारखेच तोकडे आहे.

प्रथम पंडितांचा समाचार घेऊ. मारेकऱ्यापुढे मुकाट्याने मान तुकविणे हा ज्यू धर्मशास्त्राने सद्गुण मानलेला नाही. जीव घेण्यास निघालेल्याला आधीच रोखावे, अशी तालमूदची शिकवण आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शब्बाथचे पावित्र्य भंगू नये म्हणून हात न उचलणारे सुमारे एक हजार ज्यू स्त्री-पुरुष-बालके मारली गेली. त्यानंतर मक्काबींनी शब्बाथच्या दिवशीही लढण्याचा निर्णय घेतला. १९०३ मध्ये रशियन साम्राज्यातील किशिनेव्ह येथे ४९ ज्यूंची हत्या झाली. तेथे पाठविण्यात आलेल्या कवी बियालिक यांनी आपल्या दीर्घ काव्यात लपून बसलेल्या स्वकीयांवरही कोरडे ओढले. पुढे ठिकठिकाणी संरक्षक पथके उभी राहिली. पॅलेस्टाइनमध्ये १९०९ साली ‘हाशोमेर’ आणि १९२० साली ‘हगाना’ स्थापन झाली.

मग गर्जना करणाऱ्यांचे खरे ठरले काय? मुळीच नाही. शब्बाथला तलवार अंगावर बाळगावी काय, या प्रश्नावर मिश्नामध्ये वाद आहे. एका आचार्याच्या मते तो पुरुषाचा अलंकार. परंतु इतर आचार्यांनी ते लांच्छनच ठरविले. आक्रमकाला जायबंदी करून रोखता येत असताना जो त्याचा जीव घेतो, त्यालाही हे शास्त्र दोषी मानते. संरक्षण हे कर्तव्य. शस्त्र हे त्याचे केवळ साधन. हा विवेक विसरून ज्यूंचा दाखला देता येत नाही.

हिटलरचेच पाहा. ११ नोव्हेंबर १९३८ रोजी नाझी राजवटीने ज्यूंवर शस्त्रबंदी लादली, हे खरे. एकाच समाजाला निःशस्त्र करणाऱ्या सत्तेचा हेतू ओळखलाच पाहिजे. परंतु ज्या सैन्यापुढे १९४० मध्ये बलाढ्य फ्रान्स सहा आठवड्यांत कोसळला, त्याला लोकसंख्येत एक टक्काही नसलेल्या समाजाच्या घरगुती बंदुकांनी थोपविले असते काय? १९४३ साली वॉर्सातील वीर मोजकी पिस्तुले, हातबॉम्ब आणि पेट्रोलच्या बाटल्यांनिशी जवळजवळ चार आठवडे झुंजले. ती झुंज अमर आहे; पण त्यापूर्वीच तेथील अडीच लाखांहून अधिक ज्यूंना त्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेण्यात आले होते. या बळींवर ‘बंदूक नव्हती म्हणून मेले’ असा ठपका ठेवणे हा त्यांचा अवमान आहे.

आणि इस्रायल? तेथे खासगी शस्त्र हा हक्क नसून परवाना आहे. निवास, व्यवसाय वा सैनिकी सेवा यांचे सबळ कारण दाखवावे लागते. प्रशिक्षण सक्तीचे असते. २००६ मध्ये सैन्याने सुटीवर जाणाऱ्या सैनिकांना बंदूक तळावरच ठेवण्यास सांगितले, तेव्हा सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. घरातली बंदूक शत्रूची वाट पाहत बसत नाही!

७ ऑक्टोबर २०२३ चा धडा मात्र झाकता येणार नाही. हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली. नीर आम येथे सुरक्षा-समन्वयक इनबाल राबिन-लिबरमन यांनी वेळीच शस्त्रागार उघडून पथक सज्ज केले आणि गाव वाचले. क्फार अझा येथील पथकाचे काही सदस्य शस्त्रागार गाठतानाच धारातीर्थी पडले. त्या हल्ल्यानंतर परवान्यांचे नियम सैल झाले, ते या वेदनेतून. परंतु नीर आम वाचले ते तेथे पथक होते, जबाबदार व्यक्ती होती, पूर्वतयारी होती म्हणून.

२०१९ मध्ये जर्मनीतील हाले येथे प्रार्थनालयाच्या भक्कम दाराने आतल्या ज्यूंना वाचविले. बाहेर मात्र दोघे बळी पडले. २०२२ मध्ये टेक्सासमधील कॉलीव्हिल येथे ओलीस ठेवलेल्या रब्बींनी बंदूकधाऱ्यावर खुर्ची फेकली आणि सोबत्यांसह सुटका करून घेतली. हाती खुर्चीच होती. पण सुरक्षेचे प्रशिक्षण आधीच घेतलेले होते.

तेव्हा ज्यूंचे नाव घेऊन बंदुकीची आरती ओवाळणाऱ्यांनी आणि प्रतिकारालाच पाप ठरविणाऱ्यांनी, दोघांनीही हा इतिहास पुन्हा वाचावा. या समाजाला तारले ते अखंड सावधपणाने, संघटनेने आणि संयमाने. बंदूक विकत मिळते. हे तीन गुण मात्र पिढ्यान्‌पिढ्या अंगी बाणवावे लागतात.